पळी आणि गळती

मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनी पुढे सरकावं. सतरंजी पुढेच जास्त मऊ आहे, आणि मला आवाज चढवायचा नाही. आज जी गोष्ट सांगायची आहे ती अजून घडलेली नाही, पण फार लांबचीही नाही. आपली नातवंडं लग्नाची होतील तेवढ्यात घडून जाईल. तिच्यात थोडे उंदीर आहेत, एक औषध आहे, एक कीर्तनकार आहे आणि त्याच्यावर अतोनात माया करणारी त्याची बायको आहे. माया अतोनात झाली की तिच्या पोटात काय वाढायला लागतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. मांडी नीट घाला. सांगतो.

मिरजेत दवाखान्यांना आणि तंबोऱ्यांना कधी तोटा नव्हता, पुढेही नसेल. त्या मिरजेत, गावाबाहेरच्या एका औषध संशोधन केंद्रात डॉ. केतकी आठल्ये काम करायची. तिचा विषय लिथियम. मोबाइलच्या बॅटरीत असतो तोच हा हलका धातू. त्याचे क्षार पोटात दिले तर मनावर काम करतात. ज्याचं मन कधी आभाळाला टेकतं आणि कधी विहिरीच्या तळाशी जाऊन बसतं, त्याला ते मधल्या पायऱ्यांवर धरून ठेवतं. गुण मोठा, पण त्याचं अंगण लहान. जरा कमी पडलं तर उपयोग नाही, जरा जास्त झालं तर विष.

केतकीचा प्रश्न वरवर साधा होता. औषध तेच, दिवसाचं माप तेच. देण्याची रीत बदलली तर उंदराचं वागणं बदलतं का?

काही उंदरांना तिनं ते खाण्यात मिसळून दिलं. ते दिवसभर पाणी पीत राहिले, भुसा ओला करत राहिले आणि जरा मंदावले. काहींना सुईनं दिलं. सगळं माप एकदम अंगात गेल्यावर त्यांचं पोट ढवळलं, ते कोपऱ्यात पोट जमिनीला लावून पडून राहिले. आणि मग एक गंमत झाली. सुईच्या आधी त्यांना गोड पाणी प्यायला दिलं होतं. बरे झाल्यावर त्या गोड पाण्याला ते तोंड लावेनात. त्यांच्या लेखी गुन्हेगार ते पाणी होतं. सुईवर त्यांचा संशयही गेला नाही.

तिसरी रीत नवी होती. उंदराला छोटंसं जाकीट शिवायचं, पाठीवर एक डबी ठेवायची, तिच्यातून केसाएवढी नळी कातडीखाली न्यायची. ही डबी दोन तऱ्हांनी चालायची. एक, थेंब थेंब, अखंड. शंकराच्या पिंडीवर टांगलेल्या गळतीसारखी. दुसरी, एकदम; डबी उंदराच्या नाडीवर आणि रक्तावर लक्ष ठेवायची, आणि तो उसळला, हर्षाची किंवा रागाची भरती आली, की एक माप ओतायची. संध्येला पळीनं पाणी सोडतात तसं. केतकीनं त्यांना गळती आणि पळी अशीच नावं दिली.

"कंपनीवाल्यांसमोर गळती म्हणू नकोस," तिच्या वरिष्ठ, डॉ. यास्मिन सतारमेकर म्हणाल्या होत्या. "प्लंबर पाठवतील."

निकाल लख्ख आला. गळतीवरच्या उंदरांना औषध चालू आहे हे बघून ओळखता येईना. पळीवरचे मात्र सुईवाल्यांच्याच वाटेनं गेले. भरती यायच्या सुमाराला जे चाखलं असेल, ते त्यांना नकोसं झालं. हे सगळं केतकीनं स्वतः मोजलं होतं, मांडलं होतं, परिषदांत उभं राहून सांगितलं होतं. एवढं लक्षात ठेवा.

आता तिचा नवरा.

कौस्तुभबुवा आठल्ये. चाळिशी नुकती ओलांडलेले, आवाज पहाडी, आणि निरूपण असं की ऐकणाऱ्याला आपण घरचं दार लावलंय का हे आठवू नये. पण त्यांच्या मनालाही ती भरती-ओहोटी होती. तरुणपणी एकदा औषध सोडलं तेव्हा अंगावरचा शेलासुद्धा वाटून टाकून बुवा भर पुरात कृष्णेत उतरले होते. नदी आपल्याला वाट देणार याची त्यांना खात्री होती. नावाड्यांनी ओढून काढलं. तेव्हापासून गोळ्या सुटल्या नाहीत. गोळ्यांनी जीव वाचला, पण हात कापायला लागले. कीर्तनकाराच्या हातात चिपळ्या असतात. त्या कापऱ्या हातात चुकीच्या मात्रेला वाजायच्या.

डबी माणसांसाठी आली तेव्हा पहिल्या काही जणांत बुवा होते. इन्सुलिनच्या पंपासारखी ती कमरेला बसायची. मनोविकारतज्ज्ञ डॉ. कोरे यांनी ती लावून दिली आणि समजावलं, "आपण गळतीवर ठेवतोय. पळी फक्त आणीबाणीला. माणूस चढायला लागला की त्याला स्वतःला कळत नाही, म्हणून पळी चालू करायचा अधिकार घरच्या माणसाच्या अंगठ्याला. आणि मनाच्या चढाची रेघ त्याच माणसाच्या फोनवर दिसत राहील. तुमच्या घरी तर तज्ज्ञच आहे, मी वेगळं काय सांगू."

केतकीनं अंगठा टेकवला.

महिनाभरात बुवांचा हात कापायचा थांबला. एका सकाळी ते स्वयंपाकघरात आले, हात पुढे धरला आणि त्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं ठेवलं.

"बघ. सांडतंय?"

"नाही."

"तुझ्या उंदरांना माझा नमस्कार सांग," बुवा म्हणाले. केतकी हसली, आणि डोळे पुसायला ओट्याकडे वळली. इथवर सगळं गोड होतं.

मग ती रेघ पाहायला लागली.

ज्यांनी नारदीय कीर्तन ऐकलंय त्यांना ठाऊक आहे, पूर्वरंग संपला की मध्यंतर होतं. बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि तेवढ्या वेळात साथीला बसलेलं कुणीतरी एखादं पद गातं. बुवा टेकतात, घसा ओला करतात. श्रोते पाय मोकळे करतात, शेजारणीची चौकशी करतात. पद फारसं कुणी ऐकत नाही.

कौस्तुभबुवांच्या पेटीवर शाल्मली देसाई असायची. गावातल्या शाळेत संगीत शिकवायची, एकटी राहायची, हसायची मोकळं. मध्यंतराचं पद तीच म्हणायची. आणि बुवा डोळे मिटून ऐकायचे, हातात केतकीनं दिलेला थर्मास. त्यात केतकीच्या हातचं तुळशीचं कोमट पाणी, चवीपुरती खडीसाखर. लग्न झाल्यापासूनचा हा नेम. केतकी बायकांत तिसऱ्या रांगेत बसायची, आणि आता तिच्या मांडीवर फोन असायचा.

निरूपणात रेघ हलकी वर-खाली व्हायची, शेतातल्या बांधासारखी. मध्यंतरात शाल्मलीनं सूर लावला की तिथे डोंगर उभा राहायचा.

पहिल्यांदा केतकीला वाटलं, योगायोग. दुसऱ्यांदा वाटलं, दमणूक असेल. त्यानंतर तिला काहीच वाटेनासं झालं. ती फक्त डोंगराची वाट बघायला लागली. ज्या गोष्टीनं जीव जळतो ती गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा उघडून बघतो, आणि ही तर खिशात होती.

घरी तिनं प्रयोग केले. तिचा तो पेशाच होता. बुवांच्या आवडीची, आईनं दिलेली जांभळी इरकल नेसून ती समोर आली. बुवा म्हणाले, "अगं, किती छान." रेघ डांबरी रस्त्यासारखी. तिनं सांज्याच्या पोळ्या केल्या. बुवांनी चवीनं खाल्ल्या, बोटं चाटली. रेघ सपाट. रविवारी दुपारी त्यांचा हात हातात घेऊन ती लग्नाआधीच्या गोष्टी बोलत बसली. बुवा मनापासून हसले, पण रेघेला त्याची खबर नव्हती.

"तू सारखी फोनमध्ये काय बघतेस?" बुवांनी विचारलं.

"तब्येत बघते तुझी."

"बरी आहे ना?"

"अगदी सपाट," केतकी म्हणाली.

पूर्वी बायका नवऱ्याच्या सदऱ्यावरचा केस शोधायच्या. केसाबद्दल भांडता तरी येतं. रेघेबद्दल काय भांडणार? ती तर शास्त्रानं काढलेली.

एका उत्सवात कीर्तनाआधी देवळाच्या मागच्या ओवरीत शाल्मली पेटीचा भाता झटकत बसली होती. केतकी थर्मास द्यायला गेली.

"वहिनी, तुमच्या पाण्यात काय जादू असते हो? बुवा प्यायले की उत्तररंगाला नुसते सुटतात."

"पाण्यात कसली जादू. साथ चांगली असली की सुटतो माणूस."

शाल्मलीनं वर पाहिलं. "हे कौतुक आहे की टोमणा? मला दोन्ही एकाच सुरात ऐकू येतात."

"तुझा कान तयार आहे, तूच ठरव."

"मग कौतुकच धरते," शाल्मली म्हणाली. "आज नवीन पद बसवलंय. बुवांनीच चाल दिली."

चाल दिली, हे केतकीला माहीत नव्हतं. तिला न सांगता घरात कधी गुणगुणली गेली ती चाल? कुठे बसून? ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. मध्यंतर झालं, शाल्मलीनं ते पद उचललं, बुवांनी डोळे मिटले, आणि डोंगर असा वर गेला की फोनच्या पडद्याला वरची कड अपुरी पडली.

केतकीनं अंगठा टेकवला. गळतीच्या जागी पळी. कारण म्हणून लिहिलं: चढाची लक्षणं. डॉ. कोऱ्यांचा उत्तरादाखल निरोप आला, 'योग्य निर्णय. लक्ष ठेवा.'

आपण काय केलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. विष होणार नाही इतपत माप डॉक्टरांनी आधीच बांधून ठेवलं होतं. जिवाला धोका नव्हता. लिथियम मन शांत करायला दिवस घेतं, पण पोट ढवळायला त्याला फार वेळ लागत नाही. शाल्मली गाणार, बुवांना भरती येणार, डबी पळी ओतणार, आणि घटकाभरानं बुवांना मळमळणार. असं दर कीर्तनाला. मग उंदराचं झालं तेच होईल. बुवांना शाल्मली नकोशी होईल. केतकीनं कुणाला काही बोलायचं नाही, कसलं भांडण करायचं नाही. शरीर आपलं आपण शिकेल.

देवाच्या दारात, बुक्क्याच्या वासात बसून तिनं हा विचार केला. तिला वाईट बाई म्हणायची घाई करू नका. आपल्यापैकी कुणाच्या हातात असा अंगठा आलेला नाही, म्हणून आपण चांगले आहोत.

पुढच्या काही कीर्तनांत बुवा उत्तररंगाला घामाघूम व्हायला लागले. आख्यान आवरतं घ्यायचे, घरी येऊन आडवे पडायचे. केतकी डोक्यावर हात फिरवायची.

"पित्त असेल," ती म्हणायची.

आणि मग थर्मास भरलेला परत यायला लागला.

"प्यायला नाहीस?"

"विसरलो."

दुसऱ्या वेळीही भरलेला. तिसऱ्या वेळी केतकीनं तिसऱ्या रांगेतून पाहिलं. मध्यंतर झालं. बुवांनी थर्मासचं झाकण उघडलं, वास आला तशी मान वळवली आणि झाकण लावलं. शाल्मलीनं पेटीशेजारच्या आपल्या बाटलीतलं साधं पाणी फुलपात्रात ओतून पुढे केलं. बुवा ते घटाघट प्यायले. मग शाल्मली गायला लागली आणि बुवांनी डोळे मिटले. डोंगर होता तिथेच होता.

केतकीला एवढंच दिसलं. माझ्या हातचं नको, तिच्या हातचं चालतं. तिनं तिथल्या तिथे पळीची पातळी अजून खाली आणली, म्हणजे लहानशा चढालाही डबी ओतेल.

दत्ताच्या देवळात कीर्तन संपल्यावर पुजारी तुळस घातलेलं तीर्थ घेऊन आले. बुवांनी ओंजळ पुढे केली, ओठांशी नेली आणि थांबले. पुजाऱ्यांना वाटलं ध्यान लागलं. बुवांनी तोंड न लावताच ते डोक्यावरून फिरवलं. घरी नैवेद्याच्या पानावरचं तुळशीचं पान ते बाजूला काढून ठेवायला लागले. गळ्यातली तुळशीची माळ एक दिवस खुंटीला दिसली.

"मणी टोचतात," बुवा म्हणाले. केतकीनं विचारलं नव्हतं.

सोमवारी केंद्रात यास्मिनआपा जाकीट घातलेल्या एका उंदराला तळहातावर घेऊन बसल्या होत्या. केतकीनं सहज विचारल्यासारखं केलं.

"आपा, समजा एखाद्या उंदराला पळी मिळते तेव्हा दर वेळी समोर एक ठरावीक उंदरीण असली, तर तो तिला टाळायला लागेल ना?"

"का टाळेल?"

"पोट ढवळतं तिच्यापायी. म्हणजे, त्याला तसं वाटेल."

आपा हसल्या. "उंदरीण काय गोड लागते का जिभेला? केतकी, शिकवतेस ना तू हे पोरांना? आपण घंटा वाजवली होती, दिवा लावला होता, गोड पाणीही दिलं होतं. नंतर त्यानं काय सोडलं? फक्त पाणी. घंटेखाली, दिव्याखाली मजेत बसला. पोटाचं दुखणं जिभेलाच चिकटतं, कानाला आणि डोळ्याला नाही. उंदराला उलटी होत नाही ना, म्हणून बिचारा तोंडात काय येऊ द्यायचं ते फार जपून ठरवतो. माणसाचंही पोट त्याच शाळेत शिकलंय." त्यांनी उंदराच्या कानामागे खाजवलं. "तेव्हा उंदरीण जाऊ दे. तो उंदीर त्या वेळी खात-पीत काय होता ते सांग."

केतकी खुर्चीवर बसली.

हा नियम तिला पाठ होता. स्वतःच्या निबंधात तिनं तो दोन परिच्छेद भरून लिहिला होता. पण मत्सराला आपण केलेला अभ्यास वाचता येत नाही. त्याला हवं तेवढंच दिसतं. गाणं कानात जात होतं, शाल्मली डोळ्यासमोर होती. जिभेवर होती ती तुळस. तिच्या हातची तुळस.

"काय झालं गं?" आपा म्हणाल्या. "तुझ्या अंगात कुणी पळी ओतली की काय?"

तिनं तिथल्या तिथे फोन काढला आणि पुन्हा गळती लावली. पण शिकलेलं शरीर अंगठ्यासरशी विसरत नाही, हेही तिला पाठ होतं.

तरीही ती गप्प राहिली. वाटलं, हळूहळू जाईल. माणूस स्वतःला असं समजावू लागला की देव गाठ घट्ट करतो.

गुरुवारी दुपारी बुवा गच्चीवर वाळत घातलेली धोतरं काढत होते. केतकी कपडे घडी घालायला वर गेली.

"केतकी, दत्तजयंतीचं एवढं उरकतो आणि थांबतो."

"काय थांबवतोस?"

"कीर्तन." त्यांनी धोतर खांद्यावर टाकलं. "मला तीर्थ घेववत नाही. तुळशीच्या वासानं मळमळतं. देवाच्या पानावरचं पान मी उष्टावू शकत नाही. आधी वाटलं पित्त. पित्त बाकी कशाला होत नाही, नेमकं ह्यालाच होतं? देवानं तोंड फिरवलंय. तीर्थाला मळमळणारा माणूस नारदाच्या गादीवर उभा राहून लोकांना काय सांगणार, भक्ती कशी गोड असते ते?"

"कौस्तुभ..."

"डबीही काढून टाकू म्हणतो. तिनं मला गप्प केलं, सरळ केलं, हात थांबवला. पण त्या जुन्या वेड्याला तुळस गोड लागायची. तो पुरात उतरला तेव्हाही तोंडात पान होतं."

तो पूर केतकीनं पाहिलेला नव्हता, पण बुवांना ओढून काढतानाची नावाड्यांनी सांगितलेली गोष्ट तिनं इतक्यांदा ऐकली होती की पाण्याचा रंग तिला माहीत होता. डबी काढली की किती दिवसांत मन पुन्हा चढेल, हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या हातात आता दोनच गोष्टी उरल्या होत्या: बोलणं, किंवा गप्प राहून त्यांना नदीकडे जाऊ देणं.

"देवानं तोंड नाही फिरवलं," ती म्हणाली. "मी फिरवलं."

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. सगळं, डोंगर, अंगठा, पळी, थर्मास. उंदरांचं सांगताना तिचा आवाज परिषदेतल्यासारखा झाला, कारण तेवढाच भाग तिला न रडता सांगता येत होता. बुवा ऐकत राहिले. खांद्यावरचं धोतर घसरून खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही.

"का पण?"

"ती गायला लागली की तुझी रेघ चढते. माझ्याशी बोलताना चढत नाही. साडी नेसले, नाही चढली. पोळ्या केल्या, नाही चढली."

बुवा कठड्याकडे वळले आणि म्हणाले, "तुझ्याशी बोलताना चढली असती तर मी कधीच गेलो असतो. सबंध जन्मात मला सपाट जागा एकच मिळाली. तिथे मी झोपतो, जेवतो, आजारी पडतो. तू त्या जागेवर उभी राहून म्हणतेस इथे डोंगर का नाही."



"आणि तिच्या सुराला चढते, ते खरं आहे. खोटं सांगून तुझं समाधान करणार नाही. सूर लागला की मला समोर कोण बसलंय ते दिसत नाही. पण चढते. न चढली तर कीर्तन करू कशाला?" ते खाली बसले. "तू माझी तुळस काढून घेतलीस, केतकी. मी देवाला बोल लावत होतो. रोज सकाळी त्याच्यापुढे उभा राहून विचारत होतो, काय चुकलं. आणि तू शेजारी फुलं निवडत होतीस."



डबी राहिली. कीर्तनही राहिलं. डॉ. कोऱ्यांना केतकीनं खरं कारण सांगितलं. माणसांवरच्या चाचण्यांतून तिचं नाव गेलं, उंदरांपुरतं राहिलं. यास्मिनआपा त्यावर काही बोलल्या नाहीत. फक्त काही दिवस चहा विचारला नाही, आणि चहा पाजल्याशिवाय कुणाला न सोडणाऱ्या माणसाकडून तेवढं पुष्कळ होतं.

विसर पाडायची रीतसुद्धा उंदरांनीच शिकवलेली. तीच चव द्यायची, अगदी थोडी, पुन्हा पुन्हा, आणि पोट ढवळू द्यायचं नाही. सकाळी तांब्याभर पाण्यात तुळशीचं एक पान टाकून केतकी समोर ठेवायची. बुवा घोट घ्यायचे, तोंड वाकडं व्हायचं. कधी उठून जायचे. कधी दुसरा घोट घ्यायचे.

पण अंगठ्याचं बुवांनी दुसऱ्याच दिवशी ठरवलं होतं.

"अंगठा तुझा नको आता."

"डॉक्टरांचा?"

"रोजच्या भेटीतलं माणूस लागतं. शाल्मलीचा ठेवू. मी चढायला लागलो की पेटीवर तिला आधी कळतं. वरच्या पट्टीत निघालो की ती मला खाली ओढून आणते."

नको म्हणायचा हक्क केतकीनं स्वतःच घालवला होता.

दवाखान्यात शाल्मली खुर्चीच्या कडेवर बसली होती. केतकीनं तिला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं, आणि शाल्मली त्या वेळी हसली नव्हती.

"वहिनी, मला हे नको आहे."

"मलाही नको आहे. पण ठेव."

"मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. तुमच्या नवऱ्याचा पंचमसुद्धा मला धड आवडत नाही." शाल्मलीनं अंगठा मुठीत मिटला. "मी गाते ती देवासाठी गाते. आणि आता दर वेळी गाताना मला वाटणार, त्या फोनवर काय उमटत असेल. माझं गाणंही तुम्ही थोडं उष्टं केलंत."

केतकी म्हणाली, "हो."

एवढंच म्हणाली. शाल्मलीनं अंगठा टेकवला. केतकीच्या फोनवरची रेघ थरथरली आणि पुसली गेली.

दत्तजयंतीचं कीर्तन झालं. पूर्वरंगाला बुवा जरा जपून होते, मग रंगले. मध्यंतर झालं. हार आला, बुक्का आला. लोक उठले, बोलायला लागले. शाल्मलीनं पेटीवर बोट ठेवलं. तिचा फोन पेटीच्या मागे पालथा होता. ती गायला लागली. बुवांनी डोळे मिटले.

केतकी तिसऱ्या रांगेतच होती. आता डोंगर उभा राहिला की नाही, हे तिला कळायचा मार्ग नव्हता. तिनं बुवांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा शांत होता. शांत माणसाच्या आत काय चालतं ते बाहेरून दिसत नाही, एरवी कुठल्या बायकोला दिसतं? मग तिनं शाल्मलीकडे पाहिलं, आणि तिचा हात सवयीनं फोनकडे गेला, तिथून रिकामाच परत आला. तरी ती उठली नाही. इतकी वर्षं ते पद कधी तिच्या कानावर नीट पडलंच नव्हतं, तिनं फक्त त्याची उंची मोजली होती. ती ऐकायला लागली.

गोष्ट एवढीच. तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी कीर्तनाला जाल, मध्यंतर होईल, साथीचं माणूस पद म्हणायला लागेल, तेव्हा शेजाऱ्याशी बोलणं जरा आवरा आणि बायकांच्या बाजूला एकदा नजर टाका. कुणीतरी रिकामे हात मांडीवर ठेवून ऐकत बसलेली दिसेल. तिचा मत्सर गेलाय असं समजू नका. तो सोबत घेऊनच ती आली आहे, आणि तरीही बसली आहे. हात जोडाल तेव्हा त्या केतकीची आठवण असू द्या.